लाइनबॅकरांचा वाद आणि माझी हुशारी

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या खाणीत स्टोअर सांभाळणारा म्हातारा अमेरिकन होता. तरुणपणी तो तिकडच्या फुटबॉलमध्ये लाइनबॅकर होता, म्हणजे धावत येणाऱ्याला धडकून आडवं पाडणारा. कोणत्या निवृत्त लाइनबॅकरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घ्यावं, यावर रोज लंचला आमची जुंपायची. मी एकही सामना पाहिला नव्हता. पण पुण्याच्या माणसाला वाद घालायला सामना कशाला बघावा लागतो? त्याचेच कालचे मुद्दे मी आज त्याच्यावर फेकायचो.

"दोस्ता, हे तुला सुचतं कुठून?" तो थक्क व्हायचा.

"अभ्यास!" मी म्हणायचो. सहा महिने मी जिंकत होतो.

मग एका दुपारी त्याची बायको त्याला कायमचं घरी न्यायला आली. म्हणाली, "त्या धडकांनी डोकं गेलंय त्याचं. कालचं काही आठवत नाही. इथे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

मी डबा बंद केला. गाडीत बसताना त्याने हसून माझ्याकडे हात पुढे केला आणि नाव विचारलं.

अजूनही लंचला मला तो प्रश्न ऐकू येतो: "सुचतं कुठून?" खरं उत्तर तेव्हा दिलं असतं, तर तो सहा महिने आधी डॉक्टरकडे गेला असता.