हौदातला पत्रा

आमचे दादा, म्हणजे माझे वडील हनुमंत, मुंबईच्या गोदीत वीस वर्षं वेल्डर होते. जहाजाच्या पोटात लोखंडी आडभिंती बसवायचं काम. एका खणात पाणी शिरलं तर ते शेजारच्या खणात जाऊ नये, म्हणून त्या भिंती. दादांनी मारलेल्या सांध्यातून थेंब पाझरायचा नाही. गोदीतलं काम सुटलं तसे ते गावी आले. आमचं गाव आंबेगाव तालुक्यात. नाव सांगत नाही. गावाची लाज अजून मीच झाकते आहे.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी गावात सिमेंटचा हौद बांधला. गावाकडे चार नळ, आमच्या बौद्धवस्तीकडे दोन. पण वस्तीच्या नळांना कुलूप. पंचायतीतले कुंडलिकराव दादांना म्हणाले, "हनुमंता, मधी पत्रा टाक. तुमचं पानी तुमाला, आमचं आमाला. मग काढतो कुलपं."

म्हणजे आम्हाला वेगळं काढायचं, आणि तेही आमच्याच माणसाच्या हातानं! हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दादा मात्र "बरं" म्हणाले. वस्तीनं त्यांच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. माझी आई द्रौपदा तेव्हा ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत होती, तरी तीसुद्धा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पत्रा बसला, कुलपं निघाली. टँकर आला आणि त्यानं गावाच्या बाजूला पाइप सोडला. जरा वेळानं आमच्या बाजूलाही पाणी चढायला लागलं. दोन्हीकडे सारखंच.

"आरं, गळतंय की!" कुंडलिकराव ओरडले.

"गळत न्हाई," दादा म्हणाले. "तळाला भाकरीएवढं भोक ठेवलंय. मीच."

"बुजव आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई बुजवनार. जहाजात भिंत घालत्यात ती समद्यांचा जीव वाचवाया. ही कुनासाठी? तुमाला बुजवायचं आसंल तर उतरा हौदात. पन पानी आता एकच झालंय, राव. आमच्या पान्यात उतरावं लागंल."

कोणी उतरेना. पुढचा टँकर तीन दिवसांनी यायचा होता. नळांपाशी बायका ताटकळलेल्या. शेवटी कुंडलिकरावांच्या आई, प्रयागबाई, पुढे आल्या आणि त्यांनी नळाखाली हंडा लावला.

"तुमचं चालू द्या," त्या लेकाला म्हणाल्या. "मला कालवण टाकायचंय."

पुढच्या उन्हाळ्यात हौद धुवायला काढला, तेव्हा दादांनी भर दुपारी, सगळ्यांदेखत, गॅस कटर लावून पत्रा कापून काढला. कुणाला विचारलं नाही. अडवायलाही कोणी आलं नाही. खांद्यावर टाकून ते तो गावातल्या रस्त्यानं घरी घेऊन आले. आज तो आमच्या न्हाणीचं दार आहे, भोकासकट.