मारलं नाही, सोडलं

आमच्या इमारतीतली मांजरं इंजेक्शन देऊन मारावीत, हा ठराव मीच मांडला होता. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणाला माझ्याबद्दल बरं वाटायला लागलं, तर उगाच घोटाळा नको.

नागपुरातली आमची इमारत बारा बिऱ्हाडांची. खाली गाड्या, गाड्यांखाली मांजरं. तेव्हा पाच होती. वर्षातून दोनदा त्यांची पंधरा व्हायची, मग सकाळी घाईत गाड्या निघायच्या आणि हळूहळू पुन्हा पाचच उरायची. चाकाखालचं उचलायचं काम आपसूक माझ्याकडे आलं, कारण मी तळमजल्यावर राहते आणि निवृत्त आहे. निवृत्त बाईला दुसरा उद्योग काय असतो! दोन वर्षं मी जुन्या वर्तमानपत्रात पिल्लं गुंडाळली. तिसऱ्या वर्षी बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, एकदाच काय ते संपवा.

मी जणू त्यांच्या ताटातच मांजर वाढलं, अशा नजरेने सगळे बघायला लागले. दुसऱ्या मजल्यावर धान्याचे व्यापारी राहतात, भला माणूस, दाराशी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी उठून हात जोडले. "ताई, असं बोलू नोका जी. मांजर मारलं तं सोन्याचं मांजर करून काशीले वाहा लागते. पाप हाय ते. त्यापेक्षा पोत्यात घालून कुही गावाकडं सोडून देऊ. तिकडं शेतं हाय, उंदरं हाय. मजेत राहतीन."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. माझ्या आला नाही, कारण ते पोतं मला ठाऊक होतं.

मी उमरेडची, विणकराच्या घरची. मागावर चढवायच्या सुताला भाताची खळ लावलेली असते. ती चाटायला उंदीर येतात आणि चाटता चाटता सूत कुरतडतात. त्यामुळे आमच्याकडे मांजरीला मान होता, घरात दूध आलं की तिची वाटी आधी भरायची. पण मांजर एकच हवी. पिल्लं सुतात खेळली की दोन दिवसांची मेहनत मातीत. मग त्यांचे डोळे उघडायच्या सुमाराला बाबा माझ्या हातात पोतं देत. "जा वं, नदीपल्याड सोडून ये. मारू नोको हं, फक्त सोडजो." मी सांगितलेलं ऐकणारी मुलगी होते, सोडून यायचे. एकदा दुसऱ्या दिवशी पाहायला गेले. त्यानंतर मी बाबांना काही विचारलं नाही, आणि त्यांनी काही सांगितलं नाही. आमच्या घराण्यात कोणीही कधी मांजर मारलेलं नाही.

म्हणून मी बैठकीत म्हटलं, "पोतं म्हंजे मारणंच आहे, फक्त तुमाले पाहा लागत नाही." त्यावर बराच कल्ला झाला. शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मलाच धाडलं: जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन या, ते म्हणतील ते करू.

डॉक्टर निघाली तिशीतली एक बाई, हातावर ओरखडेच ओरखडे. "निरोगी जनावर मी मारत नाही," ती म्हणाली. "एकेक घेऊन या, ऑपरेशन करून देते. कानाचं टोक कापते, म्हणजे झालेलं कोणतं ते लांबून कळेल. पिल्लं थांबतील."

"आणि जन्मभर यांना खाऊ कोणी घालायचं?"

"तुम्ही."

मला तिचा रागच आला. पण तिच्या म्हणण्यात खोट काढता येईना, आणि खोट काढता आली नाही की मी जास्त चिडते. आज आमच्या पाचही मांजरांचे कान कापलेले आहेत आणि सकाळ-संध्याकाळ त्यांना मीच खाऊ घालते. ते असो. मला पहिल्या मांजरीचं सांगायचं आहे.

ती काबरी होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. डॉक्टरने बजावलं होतं, पिल्लांना पाजणारी असेल तर आत्ता आणू नका. मी तिच्याकडे लांबून पाहिलं. ती कोणाला हात लावू देत नसे. गाड्यांखाली पिल्लं दिसत नव्हती, तेव्हा नसतीलच असं मी ठरवलं. खरं कारण एवढंच की मला एकदाचं काम सुरू करायचं होतं. पिंजऱ्यात सुकट ठेवली, ती आत शिरली, मी रिक्षाने तिला पोचवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरचा फोन आला. ऑपरेशन पोटाकडून नाही, कुशीतून करतात, त्यामुळे आधी लक्षात आलं नाही; शुद्धीवर आल्यावर ती आडवी झाली तेव्हा दूध दिसलं. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा आणि आवारात सोडा. पिल्लं कुठं आहेत ते तीच दाखवील."

तिने दाखवलं. पिंजरा उघडताच ती झोकांड्या खात जिना चढली, थेट दुसऱ्या मजल्यावर, पॅसेजमधल्या कूलरपाशी. मी कपाळावर हात मारला. पावसाळ्यापासून होळीपर्यंत नागपुरात कूलर कोणाला दिसतच नाही. जुन्या चादरीत गुंडाळून उभा केला की तो भिंतीचाच भाग होतो. आत वाळकं गवत, अंधार, वारा नाही. पिल्लं घालायला याहून चांगली जागा कोणती? पण आता चादर काढलेली होती. कूलर धुतलेला, बाजूच्या ताट्यांत नवं गवत भरलेलं. मांजर त्याच्याभोवती फिरत होती आणि ओरडत होती.

मी व्यापाऱ्यांची बेल वाजवली.

"हो ताई, सकाळी कूलर उघडला तं चार निंघाले," ते मोकळेपणानं म्हणाले. "आताच डोळे उघडले होते. सोडून आलो कुहीच्या रोडनं, एका बांधीच्या धुऱ्यावर. पळसाची सावली पाहून ठेवले. वाटीभर दूधही ठेवलं जी."

पिल्लांना चाटून दूध पिता येत नाही अजून, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मागे वळून मांजरीकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

आम्ही दोघं कुहीच्या रस्त्याला लागलो. धान कापून झालेलं, भाताच्या बांध्या कोरड्या ठणठणीत. बांधावरची जागा त्यांना बरोबर सापडली. पळसाची सावली तेव्हा दुसरीकडे सरकली होती. वाटीत दूध तसंच होतं, वर मुंग्यांचा थर. तीन पिल्लं उन्हात मेलेली होती. चौथं थोडं लांब सापडलं. त्याला कशाने तरी कमरेत चावलं होतं, मागचे पाय लोळत होते, तरी पुढच्या दोन पायांवर ते कुठेतरी निघालं होतं. व्यापाऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मी त्यात पिल्लू घेतलं.

डॉक्टरने बोटाने पाठ चाचपली. "मणका तुटलाय," ती म्हणाली. "याला आता नुसतं दुखत राहणार. याला मात्र मी इंजेक्शन देईन, तुम्ही हो म्हणालात तर." पहिल्या भेटीत मी पाच धडधाकट मांजरांसाठी तेच मागितलं होतं, ते तिला आठवत असणार. तिने तसं दाखवलं नाही. कोणीतरी पिल्लू धरायला हवं होतं. व्यापाऱ्यांनी हात पुढे केले, मागे घेतले आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

मी हो म्हटलं. मीच धरलं. बैठकीत उभं राहून बोलताना ही गोष्ट मला सोपी वाटली होती. वेळ खरंच लागला नाही, पण सोपं नव्हतं. ते माझ्या तळव्यात डोकं खुपसत होतं, दूध शोधत होतं, आणि मग शोधायचं थांबलं.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा व्यापारी समोर पाहत म्हणाले, "ताई, मी मारलं तं नाही नं जी? मी तं जित्ते सोडले होते."

त्यांना माझ्याकडून 'नाही' ऐकायचं होतं. म्हणायला काय लागतं? पण मला ते जमलं नाही.

"मारलं भाऊ," मी म्हटलं. "मीही मारलं. मायले धरून नेलं नसतं तं चारही आज कूलरात असते."

मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, तेव्हा त्यांनी गाडी पुढे काढली.

घरी आलो तेव्हा मांजर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. व्यापारी तिच्याकडे न बघता भिंतीला धरून वर गेले. मी तिच्याजवळ बसले. कधी कोणाला हात न लावू देणारी ती मांजर उठली, माझ्या हातांपाशी आली, बराच वेळ वास घेत राहिली. मग तिने माझे तळवे चाटायला सुरुवात केली, बोटांच्या बेचक्यांतून, नीट, एकही जागा न सोडता. मी रडत होते, पण तिचं होईपर्यंत हात तसेच धरून ठेवले.