विदारी बातूर बघायला आली तेव्हा

माझा नवरा नेंगा वीस वर्षं पाहुण्यांना आमच्या बेटावरचा बातूरचा ज्वालामुखी दाखवतोय. गाडी स्वतःची, बोलणं कमी, हसणं फुकट. जोडपी येतात, सकाळी निघतात, संध्याकाळी परततात. मी कधी डोकावूनही बघत नाही. त्या दिवशी मात्र पाहुणीचं नाव कानावर पडलं, आणि मी हातातलं काम टाकून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

विदारी. हिला नेंगा पळवून नेणार होता. पळून जाऊन लग्न करण्यात आमच्याकडे काही वावगं नाही, अर्ध्या गावानं तसंच केलंय. उसनी मोटरसायकल घेऊन तो नाक्यावर संध्याकाळपर्यंत थांबला. ही आलीच नाही. पुढं पलीकडच्या बेटावरच्या सुराबाया शहरातल्या हार्तोनोशी लग्न करून गेली. मग मी आले. म्हणजे उरलेल्या जागेवर आले, असं माझं मन सोळा वर्षं मला टोचतंय.

"तू कशाला येतेस?" नेंगानं विचारलं.

"का? ज्वालामुखी तुझ्या एकट्याचा आहे?"

मागून विदारी म्हणाली, "ब्ली, गाडी अजून बैलगाडीसारखीच चालवतोस!"

ब्ली म्हणजे दादा. पण आमच्याकडे बायका नवऱ्यालाही ब्लीच म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वर पोचल्यावर हार्तोनोनं मोबाइल नेंगाच्या हातात दिला. मागे डोंगर, काळा लाव्हा, खाली तळं, आणि नेंगा वाकून वाकून दोघांचे फोटो काढतोय. माझा फोटो काढताना हा माणूस दरवेळी माझं डोकं कापतो. जेवताना तळ्यातला मासा आला, तशी यानं मिरचीची वाटी उचलून तिच्यापासून लांब ठेवली. "तुला तिखट सोसत नाही ना?" म्हणे. एवढं लक्षात! मी तिथल्या तिथे तीन मिरच्या कचाकचा चावल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचंच होतं असं सगळ्यांना सांगितलं.

मग बाथरूमला गेले आणि कळलं, पाळी आली. आजच यायची होती! पुढचा मुक्काम देवीचं मोठं देऊळ, आणि दारातच पाटी : पाळी असलेल्या बायकांनी आत येऊ नये. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण शेजारी धुमसता डोंगर असताना देवीशी खोटं बोलायची माझी छाती नव्हती.

"जा तुम्ही तिघं," मी म्हटलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसले. आत नेंगा आणि ती शेजारी शेजारी हात जोडणार, आणि मी राखणीला आलेली बाहेर! मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात विदारी परत आली आणि शेजारी बसली.

"तुलाही?" मी विचारलं.

"नाही गं. हार्तोनो तिकीट काढून फोटो काढायला गेलाय. मला या देवळात परक्यासारखं तिकीट काढून नाही जायचं." डोक्यावर नैवेद्य घेऊन आत चाललेल्या बायकांकडे ती बघत होती. "लग्नात त्याचा धर्म घेतला. तेव्हापासून माहेरच्या देवळातही मला पूजेला कुणी हाक मारत नाही. तुझे चार दिवस. मी सोळा वर्षं बाहेर बसलेय."

मी मनातलंच विचारलं. "म्हणजे ब्लीसाठी नाही आलीस?"

"नेंगासाठी?" ती हसली. "चांगला आहे गं. पण मला तेव्हाही नको होता."

खरं तर मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. उलट संतापले. माझ्या नवऱ्याला नको म्हणणारी ही कोण टिकोजीराव!

"एक करशील?" तिनं खाली मान घालून विचारलं. "तू मोकळी झालीस की तुमच्या घरच्या देवळात माझ्या नावानं फुलांचा एक द्रोण ठेवशील? नवऱ्याशी, संसाराशी माझं भांडण नाही. पण तिथं माझं काहीतरी असावं."

"ठेवीन," मी म्हटलं.

पाचव्या दिवशी ठेवला. आता रोज ठेवते. परवा नेंगानं विचारलंच, "हा एक जास्तीचा कुणाचा?"

"आहे एका बाईचा."

नाव काही मी त्याला सांगितलं नाही. सोळा वर्षं त्या नावानं जळले मी. आता कुठं ते माझं झालंय, त्याला कशाला देऊ?