सहावा अपडेट मागे घ्यायचा की नाही

संतोषचा फोन आला तेव्हा अपडेट काढून जेमतेम एक दिवस झाला होता.

“गो शिल्पा, काय करून ठेवलंस? लॅबमधलो कॉम्प्युटर परत लटकाक लागलो!”

संतोष माझ्या वर्गातला. कणकवलीत कॉम्प्युटरचं काम करायचा. तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्याने आमची ओपन सोर्स सिस्टिम बसवली होती. ओपन सोर्स म्हणजे जिचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा. तिच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, छोटे अपडेट काढणं ही माझी पुण्यातली नोकरी. त्या आठवड्यात मी तोंडवलीला माहेरी होते.

एरवी अपडेट आधी सगळ्यांना तपासायला देतो, मग काढतो. हा सहावा मात्र लवकर काढला, कारण डिस्कवरच्या फायली खराब करणारा दोष सापडला होता.

पण मशीन लटकायचा, म्हणजे हँग व्हायचा, दोष वेगळा. तो पाचव्या अपडेटमध्येच दुरुस्त झालेला. मी त्या भागाला हातही लावला नव्हता. फोनलाईनच्या डायल-अप इंटरनेटवर मेल उघडले, तर तीच तक्रार ब्राझीलहून, पोलंडहून. मध्येच कुणी लिहिलेलं, ‘उत्तम चाललंय, आभार.’ मला काही कळेना. स्वतःचाच कोड पुन्हा वाचला. मग स्वतःवरच संशय यायला लागला.

पुण्याच्या ऑफिसातून माझे वरिष्ठ कुलकर्णी सर यांचा फोन आला. “रिलीज मागे घे.”

“सर, मागे घेतला तर लोकांच्या फायली जातील.”

“आणि ठेवला तर मशीन लटकतायत. कारण सापडलं?”

“नाही.”

“मग?”

मी संध्याकाळपर्यंत वेळ मागितला आणि कणकवलीची एसटी पकडली.

लॅबमध्ये पेशंट रिपोर्टसाठी ताटकळले होते. डॉक्टरीणबाई हाताने रिपोर्ट लिहीत होत्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, “आज होईल ना?”

मी संतोषला म्हटलं, “तू काल जे केलंस, तेच माझ्यासमोर पुन्हा कर.”

त्याने पाचव्या अपडेटचा कोड काढला. त्यावर सहावा चढवायला लागला. स्क्रीनवर प्रश्न आला: हा बदल आधीच झालेला दिसतो, उलटा फिरवू का?

संतोषने ‘वाय’ दाबला. येस.

“अरे, थांब! हे काय केलंस?”

“कॉम्प्युटरान इचारल्यान, मी व्हय म्हटलंय. काल पण तसाच केलंय.”

तेव्हा उलगडलं. आमचा प्रत्येक अपडेट मूळ कोडवर चढवायचा असतो. सहाव्यात आधीचे पाचही असतातच. पाचव्यावर सहावा चढवला की जुने बदल पुन्हा समोर येतात, आणि ‘येस’ म्हटलं की ते पुसले जातात. म्हणजे नवी दुरुस्ती आत आली आणि जुनी निघून गेली. ज्यांनी मूळ कोड घेतला, ते आभार मानत होते.

मूळ कोडवर सहावा चढवला, कर्नल पुन्हा बनवला. दुपारभर मशीन चाललं. प्रिंटर सुरू झाला आणि डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“माका वाटला, तुझाच चुकला,” संतोष म्हणाला.

“मलाही तसंच वाटत होतं.”

रिलीज मागे घेतला नाही. ब्राझील आणि पोलंडला उत्तर पाठवलं. अपडेटच्या घोषणेच्या पहिल्याच ओळीत ‘मूळ कोडवरच चढवा’ असं लिहिलं. त्यानंतरही तशाच तक्रारी येत राहिल्या, फक्त कमी.

आता कुणी तक्रार घेऊन आलं की काय झालं ते मी विचारत नाही. काय केलंस ते करून दाखव, म्हणते. त्यात वेळ जातो. पण कोड कमी वेळा वाचावा लागतो.