ठोकून-वाजवून घेतलेली वेल्डिंग मशीन

केवळरामभाऊ गोंदियाजवळ कुडव्यात आमच्या समोरच राहतात. तीस वर्षं राइस मिलमध्ये फिटर होते. गल्लीतली मोडकी फाटकं, देवकाबाईंच्या नातवाचा पाळणा, सगळं त्यांनी मिलच्या वेल्डिंग मशीनवर जोडून आणलेलं. मिल बंद पडली, मशीनही गेली. त्यांची एक खोड आहे : सल्ला एकदाच देतात. मग तंबाखू मळत बसतात.

२०११ मध्ये आमच्या जुन्या गाडीचा तळ गंजला. पायाखालची चटई उचलली की रस्ता दिसे. ह्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत नीट झाली नाही, तर भंगारात." गाडी मी चाळिशीत शिकले होते. तिरोड्याला माहेरी एकटी जायचे, मनात येईल तेव्हा परतायचे. गाडी गेली की पुन्हा ह्यांच्या सवडीची वाट पाहणं.

गॅरेजवाले हात लावेनात. केवळरामभाऊ म्हणाले, "जुनी मशीन आणून द्या, पत्रा मी लावतो."

ते आणि मी गोंदियात भैय्यालालच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. एक मशीन लहान, डब्याएवढी. दुसरी अवाढव्य, कुठल्याशा मिलमधून आलेली.

"गाडीचा पत्रा पातळ रायते, वहिनी. करंट किती कमी होते, तेवढं विचारा."

"भाऊ, बीएस्सीला फिजिक्स होतं माझं," मी म्हटलं. आणि फिजिक्समध्ये कुणीही न शिकवलेलं काम केलं. दोन्ही मशीन बोटांनी वाजवून पाहिल्या, मग उचलून पाहिल्या. लहान पोकळ वाजली. मोठी हलेचना.

"मशीन होय वहिनी, पाणी भराचा पितळेचा गुंड नाई."

"भाभीजी को परख है," भैय्यालाल म्हणाला. एवढं पुरलं. मी मोठी घेतली.

घरी ती उतरवायला चार माणसं लागली. केवळरामभाऊंनी करंट अगदी खाली आणला आणि रॉड टेकवला. अंगठ्याएवढ्या भोकाची वाटी झाली. पुन्हा टेकवला, ताटली झाली.

"अजून कमी करा ना."

"कमी इथंच संपते."

"मग आधी काऊन नाही सांगितलं?"

ते तंबाखू मळायला लागले. अंगणातून त्यांच्या कलाबाई बोलल्या, "ते सांगूनच रायले होते. तुमी फिजिक्स सांगून रायल्या."

हे वाकून पाहून म्हणाले, "कोंबडी दिसते खालून. लावू भंगारवाल्याला फोन?"

"चुकलं माझं. आठ दिवस द्या," मी म्हटलं. हे वाक्य ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असावं. फोन खिशात गेला.

भैय्यालाल मशीन परत घेईना. "आपने तो ठोक-बजा के ली थी, भाभीजी." अर्धी दुपार वाद घालून लहान मशीन बदलून मिळाली. या वेळी मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. केवळरामभाऊंनी दुकानातच पातळ पत्र्याचा तुकडा जोडून पाहिला. भोक पडलं नाही.

मग माझी भोकं चौकोनी कापून नवा पत्रा आला. जोडाचा एक टिपका, थोडं थांबणं, दुसरा टिपका, अशा दोन दुपारी गेल्या. ह्यांनी तळावर चार लाथा मारल्या, म्हणाले, "ठीक आहे," आणि आत गेले.

रविवारी मी तिरोड्याला निघाले. वाटेतल्या गंगाझरीपर्यंत नजर रस्त्यापेक्षा पायाखालीच जास्त. आईने विचारलं, "जावई कुठे आहेत?" म्हटलं, घरी. जेवले, पडले, गप्पा मारल्या. उन्हं उतरल्यावर आई म्हणाली, "थांब अजून थोडी." थांबले.