पान माझं नाही

आमच्याच इमारतीत राहणारी टेस पहिल्यांदा भेटली तेव्हा मी जिन्यात बसले होते आणि गुडघ्याला कोबीचं पान बांधलेलं होतं. दुसरी कुणी असती तर दुखतंय का म्हणून विचारलं असतं. हिने वाकून पान पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" सून मुक्ता सोबत होती, तिने मला मराठीत सांगितलं. मी म्हटलं, "खालच्या जर्मन म्हातारीने. इकडे सुजेवर कोबी बांधतात." लगेच टेसचा दुसरा प्रश्न, "तुम्ही मला सांगितलेलं तिला चालेल ना?"

"कोबी आहे बाई, सोनं नव्हे," मी म्हटलं.

ब्राउनश्वाइगला मुलाकडे राहायला आल्यापासून मला सगळे 'फ्राउ' लावून आडनावाने हाक मारतात. टेसने पहिल्या दिवसापासून आंटीच म्हटलं. काळीसावळी, दाट कुरळ्या केसांची. मला वाटलं आपल्या दक्षिणेकडची असेल. निघाली ऑस्ट्रेलियाची, गोरे यायच्या कितीतरी आधीपासून जे तिथे राहतात त्या ॲबोरिजिनल लोकांतली. त्यांच्यात मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. हे मला पटलं.

इथल्या एका प्रयोगशाळेत तिचं काम चालायचं. तिच्या घरच्या बायका एका झुडपाचा पाला उकळून त्या पाण्याने सुजलेले सांधे शेकतात. टेस तोच पाला तपासत होती. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना डिवचून सूज आणायची, मग पाल्याचा अर्क घालून ती उतरते का बघायचं. एक दिवस ती उड्या मारत आली. सूज उतरली होती.

"मग दे ना मला वाटीभर," मी म्हटलं.

"काचेत उतरली, आंटी. गुडघ्यात उतरेल असं मी कुठे म्हटलं?"

"बरं, झुडपाचं नाव तरी सांग."

"पान माझं नाही. मला फक्त ठाऊक आहे."

हे तिचं ठरलेलं वाक्य. मला राग यायचा. आमच्या ओढ्याकाठी निर्गुडी माजलेली असायची. ज्याचा गुडघा सुजेल त्याने पाला ओरबाडावा, वाफवावा, बांधावा. कोण कुणाला विचारतंय! तसं मी तिला सुनावलं. थालीपीठ खाता खाता ती म्हणाली, "आमच्याकडे आधी जमीन नेली, मग भाषा. आता पाला न्यायचा तर विचारून." आणि तिने आणखी लोणी मागितलं.

विचारायचं होतं ते तिच्या आजीच्या बहिणीला. पाल्याचं ज्ञान त्या बाईच्या हातात. तिने सांगून ठेवलं होतं, आधी तपासून बघ, मग छापायचं बोलू. आणि टेसचं तपासून होईपर्यंत ती बाई वारली. त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, आणि तिच्या हातातला विषयही घरचे म्हणेपर्यंत काढत नाहीत.

"आमचं सुतक तेराव्याला संपतं," मी म्हटलं. "तुमचं?"

"घरचे म्हणतील तेव्हा. वर्षसुद्धा जाईल."

मुक्ता म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर, आई, तिथेच अडलंय. तिचे साहेब म्हणतात, आता पेपर छापायला हवा. पेपर नाही तर पुढचा फरट्राग नाही. नोकरीचा करारच नसेल तर ही इथे राहणार कशी?"

मी सरळ म्हटलं, "लिहून टाक म्हणावं. गेलेली बाई काय बघायला येणार आहे?"

"अहो आई, असं कसं सांगू मी तिला?"

"जसं बोलले तसं सांग."

मुक्ताने सांगितलं. टेस एवढ्या मोठ्याने हसली की जिना घुमला. "माझी आजीही मला हेच म्हणाली असती, आंटी. आणि मी लिहिलं असतं तर तिनेच मला दारातून आत घेतलं नसतं."

साहेब भला माणूस. झुडपाचं नाव न घालता छापू म्हणाला. टेसने तेही नको म्हटलं. नाव झाकलं म्हणून गोष्ट आपली होत नाही म्हणाली. पेपर थांबला. करार संपला. घरी जाऊन उरलेल्या आंटींच्या समोर बसते म्हणाली, त्यांची बोलायची वेळ होईपर्यंत.

निघायच्या दिवशी बॅग जिन्यात ठेवून ती वर आली. मी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि विचारलं, "त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही."

"आणि तुझी एवढी मेहनत?"

"मेहनत झाली, आंटी. विचारायचं राहिलंय." माझ्या गुडघ्यावर एक थाप मारून ती गेली.

"वेडी आहे," मुक्ता म्हणाली. एरवी मीही तसंच म्हटलं असतं. पण नकार मिळू शकतो हे ठाऊक असून कुणी विचारायला जातं, तेही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला इकडे आणताना माझ्या मुलानेही विचारलं होतं. तेव्हा तिकीट काढून झालं होतं.