वयनीच्या नावाची ओळ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा जिला सांगायला हवं होतं ती आता उरली नाही, म्हणून – कोण जाणे.

गोष्ट ऐकायला क्षुल्लक आहे. व्हिजिटिंग कार्डावरची एक ओळ. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? मीही स्वतःला बरीच वर्षं हेच विचारत आले.

शिरोड्याला आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माडांच्या बागेत आम्ही पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या आणि पडवीत जेवणाची सोय केली. बुकिंग, फोन, बिलं माझ्याकडे – बी. कॉम. आहे ना मी. चूल मात्र वयनीची. वयनी म्हणजे माझी मोठी जाऊ, शेवंती. घरातली सगळी तिला वयनी म्हणायची, म्हणून मीही. थोरले दीर लवकर गेले, एकुलती मुलगी प्रतिभा लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेली, आणि वयनी आमच्यातच राहिली. तिच्या हातचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं खाऊन माणसं उठायची ती थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहायची. तिला विचारायची, वाखाणायची, तिच्यासोबत फोटो काढायची. मी बिल घेऊन मागे उभी. माझ्याकडे कोण बघणार? माझं काम चोख होतं हो, पण चोख बिलाचं कौतुक कुणी करतं का? माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

धंदा जरा जमल्यावर ह्यांनी ठरवलं की कार्डं, बिलबुकं, लेटरहेड सगळं रीतसर छापून घ्यायचं. कार्डावर माझं नाव, फोनसाठी. आणि त्याखाली – ही ह्यांचीच कल्पना – ‘स्वयंपाक : शेवंती’. संध्याकाळी खोबरं खवताना वयनीने खाली मान घालून मला विचारलं, “माझा नाव सगळ्यांका वाचूक येयत असा मोठा येतला मा गो?” मी म्हटलं, येईल की.

सावंतवाडीच्या प्रेसमध्ये मी एकटीच गेले. प्रेसवाला भला माणूस. त्याने मला बसवून सगळं समजावलं. स्क्रीनवर दिसतो तसाच रंग कागदावर उतरत नाही, थोडा गडद येतो. लेटरहेडला पातळ कागद चालतो, कार्डाला जाड हवा. कार्डावर लॅमिनेशन केलं की ओल्या हातांनी ते खराब होत नाही, पण मग त्यावर पेन उठत नाही, म्हणून मागची बाजू साधी ठेवा, कुणाला काही लिहून द्यायचं तर बरं. मग त्याने प्रूफ दाखवलं. नीट वाचा म्हणाला. तुम्ही ओके म्हटलंत की छपाईची प्लेट होते आणि मग काही बदलता येत नाही. आत्ता काय हवं ते बदला.

दोन्ही नावं स्क्रीनवर होती. सारख्याच आकाराची. आदल्या दिवशीच पुण्याचं एक कुटुंब जाताना सांगून गेलं होतं, शेवंतीताई असतील तरच पुन्हा येऊ. ते माझ्या डोक्यात होतं – की नव्हतं? नसतं, तर मी काही वेगळं केलं असतं का? मी म्हटलं, ती खालची ओळ काढा. “नक्की ना, मॅडम?” त्याने विचारलं. मी नक्की म्हटलं. पापणी लवायच्या आत ओळ गेली.

घरी खोका उघडल्यावर वयनीने हात पदराला पुसून एक कार्ड घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

“माझा नाव खंय?”

मी म्हटलं, प्रेसवाला विसरला. मी खूप भांडले, पण प्लेट होऊन गेली होती, आता काही करता येत नाही. शिकलेल्या माणसाचं खोटं हे असं असतं, त्यात निम्मं खरं घातलेलं. वयनीला छपाईतलं काय ठाऊक? चौथीतून शाळा सुटलेली बाई. तिने कार्ड परत खोक्यात ठेवलं आणि म्हणाली, “असांदे गो. त्या प्रेसवाल्याक बोल लावू नको.”

इथेच थांबले असते तर एका दिवसाचा हलकेपणा म्हणून स्वतःची समजूत तरी घातली असती. पण मी थांबले नाही.

पुढे वयनी एक करायला लागली. कुणी नाव विचारलं की ती कार्ड घेई आणि मागच्या साध्या बाजूवर बॉलपेनने स्वतःचं नाव लिहून देई. मोठी, एका बाजूला कललेली अक्षरं. माणसं ते कार्ड जपून पाकिटात ठेवायची. मी गल्ल्यावरून बघत असे.

कार्डं संपत आली तेव्हा हे म्हणाले, या खेपेला वयनीचं नाव घाल हं. मी म्हटलं, त्यांच्याकडे जुनीच प्लेट ठेवलेली असते, तिच्यात नाव घालता येत नाही. नव्हती. ते प्रत्येक छपाईला नवी प्लेट करतात, मी स्वतः विचारून घेतलं होतं. आणि प्रेसवाल्याला मी आणखी एक सांगितलं – आता लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करा.

ही ओळ लिहायला मला आज सकाळपासून वेळ लागला आहे.

नवीन कार्डं आली. कोल्हापूरच्या एका बाईंनी नाव विचारलं म्हणून वयनी लिहायला बसली. पेन नुसतंच घसरलं. तिने ते झटकलं, दाबून पुन्हा लिहिलं. काहीच उठलं नाही. बाई ताटकळत उभ्या. वयनीने माझ्याकडे पाहिलं. “ह्या पेन बिघडला काय गो?” मी तिला दुसरं पेन दिलं.

त्यानंतर तिने कुणाला नाव लिहून दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वयनी गेली. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही. नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा म्हणून ह्यांनी त्याच प्रेसला फोन केला. प्रूफ माझ्या मोबाइलवर आलं. वयनीचा फोटो आणि त्याखाली तिचं नाव, फोटोएवढंच रुंद. प्रतिभा माझ्या शेजारी बसली होती. तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

“आईचा नाव पयल्यांदाच छापून येता हा,” ती म्हणाली. मग रडू आवरत म्हणाली, “आई सगळ्यांका सांगी – माझ्या नावासाठी माझी जाव प्रेसवाल्यावांगडा भांडली, पण प्लेट झालेली, ती तरी काय करतली?” आणि तिने माझा हात हातात घेतला. “काकी, तू आईसाठी भांडलंस.”

ती माझ्याकडे बघत होती. घरात आम्ही दोघीच होतो.

“होय गो, भांडलंय,” मी म्हटलं, आणि प्रेसला ओके पाठवलं.